उदगीरला निघालेली पिशवी

शरणप्पा कंडक्टरची जीभ तिरकी. नव्या प्रवाशाला हा माणूस खवट वाटे. पण अहमदपूर-नांदेड वाटेवरच्या रोजच्या माणसांना त्याचा टोमणा खाल्ल्याशिवाय प्रवास झाल्यासारखा वाटत नसे.

त्या दिवशी गाडीनं अहमदपूर सोडलं आणि मागच्या बाजूला भांडण पेटलं. धुरपताबाईंनी स्टँडवर खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली होती. आता तिथं एक मिशीवाला बसलेला आणि पिशवी गायब.

"फेकून दिलीस न्हवं माझी पिशवी?"

"मावशी, इथं पिशवी नव्हतीच."

शरणप्पाच्या ध्यानात आलं. स्टँडवर नांदेडची आणि उदगीरची अशा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. बाईंनी पिशवी टाकली उदगीरच्या गाडीत आणि गर्दीच्या रेट्यात त्या चढल्या नांदेडच्या.

"मावशी, तुमची पिशवी तुम्हाला सोडून उदगीरला निघाली," तो म्हणाला.

बाई मटकन खालीच बसल्या. पिशवीत त्यांनी हातानं शिवलेलं दुपटं होतं. संध्याकाळी हदगावला नातीच्या लेकीचं नामकरण. "पाळण्यात पहिलं दुपटं पणजीचंच घालू, म्हणून थांबलीय रे पोरगी. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

मिशीवाल्यानं उठून त्यांना खिडकीची जागा दिली. शरणप्पानं उदगीरच्या गाडीवरच्या सुकन्या कंडक्टरला फोन लावला.

"सुकन्या, खिडकीपाशी एक पिशवी हाय का गं?"

"हाव! लई ऐटीत बसलीय. माणसं उभी हायत, पण धरलेल्या जागेवर बसायची कुणाची हिंमत? तिकीट फाडू का तिचं?"

"फाड, पण उदगीरच्या फाट्यावर उतरव तिला. लातूरहून येणाऱ्या नांदेड गाडीत दे. मी लोह्याला थांबतो."

थांबतो म्हणाला खरा. पण लोह्यात सगळ्यांचा चहा झाला, तरी मागची गाडी दिसेना. लोक ओरडू लागले. खरं कारण सांगावं, तर सगळा राग म्हातारीवर निघायचा. शरणप्पानं चेहरा पाडला.

"कसं निघायचं? ड्रायव्हरसाहेबांचं पोट बिघडलंय. मधेच गाडी सोडून शेतात पळाले तर?"

"हाव, मी पाह्यलंय त्यांना पळताना," मिशीवाल्यानं लगेच पुस्ती जोडली. धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावला.

गाडीतला आवाज एकदम मऊ झाला. कुणी लिंबूपाणी सुचवलं. रोजच्या प्रवासी नीलाबाईंनी कनवटीची ओव्याची पुडी काढली. तेवढ्यात ड्रायव्हर बसवराज मिरचीची भजी खात हॉटेलातून आला. नीलाबाईंनी ती कागदासकट हिसकावली आणि मूठभर ओवा त्याच्या हातावर ठेवला.

"जिवावर उदार झालात की काय? चावा हे!"

बसवराजनं शरणप्पाकडं पाहिलं. शरणप्पानं हळूच स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. जुनी जोडी ती. बसवराज खिडकीला टेकून असा कण्हला, की शरणप्पालाच क्षणभर शंका आली.

अखेर मागची गाडी आली आणि तिच्या खिडकीतून पिशवी बाहेर आली. धुरपताबाईंनी दुपटं उलगडलं, चारी कोपरे चाचपले, गालाला लावलं. मग पिशवीच्या तळातून डिंकाचा लाडू काढून बसवराजपुढं धरला.

"घे लेकरा. तुझ्यामुळं पोचलं माझं दुपटं."

बसवराजचा हात पुढं गेला, तोच अख्खी गाडी ओरडली, "अहो, नको!"

"त्यांच्या वाटचा मी खातो," शरणप्पा म्हणाला, आणि भरल्या तोंडानं त्यानं डबल बेल मारली.

बसवराजनं उरलेला ओवा चावत गाडी काढली.