आवाज नसलेली गाडी

दौंडला जाताना वरवंडच्या एका हॉटेलबाहेर गाडी चार्जिंगला लावली. गाडी भावाची, विजेवर आणि पेट्रोलवर दोन्हीवर चालणारी. मला तिचं निम्मं काही कळत नव्हतं. चहा पिऊन आले, तर तिथल्या राखणदारानं चार्जिंगची केबल काढून गुंडाळायला घेतलेली.

"मामा, अजून भरली नाही ना?" मी मागून विचारलं. तो केबल गुंडाळतच राहिला. समोर जाऊन पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्या ओठांकडं बघत म्हणाला, "ऐंशी टक्के झाली. रोज गळ्यापर्यंत जेवू न्हाई. बॅटरीचं बी तसंच."

आत बसून बटण दाबलं. आवाजच नाही. पुन्हा दाबलं, परत दाबलं. स्क्रीन उजळायची आणि विझायची. भावाची गाडी बिघडवली की काय! तो केबल ठेवून खिडकीशी आला.

"ब्रेकवर पाय ठिवा. आन् एकदाच दाबा."

दाबलं. स्क्रीनवर हिरवा दिवा लागला. त्यानं त्या दिव्याकडं बोट केलं. "चालू हाय."

"पण आवाज कुठंय?"

"कारखान्यात प्रेस मशीनच्या आवाजानं कान गेले, ताई. मला समद्या गाड्या अशाच. चालू हाय का, ते बघायचं."

गाडी खरंच सरकली. निघताना निरोपाचा म्हणून मी सवयीनं हॉर्न दिला. त्यानं मान वर केली नाही. मग गाडी थांबवली, काच खाली केली, आणि केबल गुंडाळून तो वर बघेपर्यंत हात हलवत राहिले.