भिंगावरचं कुंकू

अत्यंत गंभीर निवेदन. रायगड किनाऱ्यावरील समस्त विज्ञानप्रेमी जनतेस कळविण्यात येते की, आमच्या तालुक्याच्या कॉलेजातला एकमेव धड सूक्ष्मदर्शक माझ्या स्पर्शाने आंधळा झाला होता. हे निदान खुद्द जीवशास्त्राच्या सरांचं.

दसऱ्यानंतरचं पहिलं प्रॅक्टिकल. काचेवर खाडीतल्या माशाची अंडी. सरांनी डोळा लावला. काही दिसेना. अख्खा वर्ग सोडून ते माझ्याकडे वळले.

"तू हात लावलास?"

"नाही, सर."

"खोटं बोलू नकोस. मासळीचा वास मारतोय भिंगाला. पूजा झालेल्या वस्तूपासून तुम्ही लोकांनी लांब राहायचं. जा, काचा धू."

वर्ग हसला. तुम्ही लोक म्हणजे आम्ही, बौद्धवाडीतले. आई रेवदंड्याला मासळी वाळवायच्या कामावर जायची, म्हणून तो वास. जूनपासून मी काचाच धूत होते. त्या नळीतून एकदाही पाहिलं नव्हतं. आणि परीक्षा त्याच नळीवर होती.

त्या दिवशी नाही धुतल्या.

सरळ पुढे गेले. वरचं भिंग उपसलं आणि माझ्या पांढऱ्या ओढणीने पुसलं. ओढणी लाल-पिवळी. खंडेनवमीला सरांनी यंत्राची साग्रसंगीत पूजा केली होती. यंत्राचं कपाळ म्हणून त्यांना सापडलं ते नेमकं भिंग.

"सर, हे तुमचं हळदकुंकू."

ओढणी त्यांच्या नाकाखाली धरली. नाटकाची आवड मला तेव्हापासूनची. मग भिंग बसवलं, त्यांच्याच खुर्चीवर बसले आणि पाहिलं. अंड्यातल्या त्या जिवाचे डोळे अजून पुरते झाले नव्हते. हृदय मात्र धडधडत होतं. त्याला जात विचारायला अजून कोणी पोचलं नव्हतं.

पुढचं सगळं आयुष्य त्या धडधडीला दिलं. साध्या सरळ नळीचं हृदय होताना ती कुठे वळते, का वळते, हे आपल्या खाडीच्या माशात पहिल्यांदा दाखवलं ते मी. आता परदेशातून लोक माझ्याकडे शिकायला येतात.

गेल्या महिन्यात त्याच कॉलेजात माझा सत्कार. शाल घेऊन कोण उभं? निवृत्त सर. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. शाल घेतली नाही. माइक घेतला. सगळं सांगितलं, त्यांचा आवाज काढून, हातवारे करून. त्यांचा चेहरा उतरत गेला तशी मी आणखी सावकाश बोलत गेले.

ते पुटपुटले, "झालं गेलं विसरून जा, बाळ."

"नाही विसरणार, सर. माफही करणार नाही. जिथे बोलावतील तिथे हे सांगीन. आणि माझ्या प्रयोगशाळेत पहिला डोळा तोच लावेल, ज्याला तुमच्यासारख्यांनी काचा धुवायला पाठवलं."

आणि पहिल्या रांगेतून बाई नवऱ्याकडे बघत मोठ्याने बोलून गेल्या,

"अहो, घरी तर तुम्ही सांगत होता, हिला मीच घडवलं म्हणून."