जुहूच्या वाळूतला राणीछाप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना नाही, देवापुढे हात जोडल्यावर मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथे तर नाहीच, कारण भानगड देवाच्या पाटावरचीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. रडायबिडायचा विचार नाही. जसं आठवेल तसं सांगते.

आम्ही अंधेरीचे. मूळचे मालवणकडचे, पण बाबा गिरणीत लागले आणि पुढे गणपतीही इथेच यायला लागला. घरात एक राणीछाप चांदीचा रुपया होता, पणजोबांच्या वेळचा. आमच्याकडची पद्धत अशी — चतुर्थीला पाटावर तांदळाची रास घालायची, राशीत तो रुपया ठेवायचा आणि त्यावर मूर्ती बसवायची. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा झाली की घरातल्या बाईने मूर्तीखाली हात घालून रुपया काढायचा, दुधाने धुऊन देव्हाऱ्यात ठेवायचा. तांदूळ घरच्या डब्यात मिसळायचे. मग मूर्ती जुहूला.

कॉलेजात असल्यापासून तो रुपया मी काढत होते. माझं लग्न झालं नाही. का, ते सोडा, त्याचा इथे संबंध नाही. की आहे? असेलही. धाकट्या भावाचं, महेशचं लग्न झालं, सुजाता घरात आली, आणि पहिल्याच गणपतीत आई सगळ्यांसमोर म्हणाली, "आतापासून रुपयो सुजाता काढतली." सुनेचा मान. बरोबरच होतं. मी हसून टाळ्या वाजवल्या.

सुजाता वाईट होती का? अजिबात नाही. मुलुंडची मुलगी, थोडी धांदरट, मोठ्याने हसणारी. माझ्यापुढे मात्र जरा दबून असायची, आणि खरं सांगू? ते मला आवडायचं. तिच्या हातून दूध उतू गेलं की मी काही बोलायचे नाही. नुसती गॅसकडे बघायचे.

दोन वर्षं मी गप्प राहिले. तिसऱ्या वर्षी उत्तरपूजा झाली, महेश टेम्पोवाल्याला फोन करायला खाली उतरला, आई आणि सुजाता आत शिदोरीचे दही-पोहे कालवत होत्या, बाबा कुर्ता बदलत होते. मी मूर्ती जराशी तिरकी केली, हात घातला आणि रुपया काढून ब्लाऊजमध्ये ठेवला. म्हटलं, जरा घाबरवू हिला. शोधशोध शोधेल, रडकुंडीला येईल, मग काढून दाखवू — बघ, अजून मलाच जमतं. एवढंच होतं हो डोक्यात. पोरखेळ. चाळिशी जवळ आलेल्या बाईचा पोरखेळ.

सुजाता आली. महेशने मूर्ती उचलून धरली. तिने राशीत हात घातला, मग दोन्ही हातांनी तांदूळ चाळले. मी दारातून बघत होते. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि चक्क हसली. तिला वाटलं, ताईंनी आधीच काढला असणार, सवयीने. खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता. आम्ही तसेच मोरया करत जिना उतरलो. पाटावरचे तांदूळ घाईघाईत मीच डब्यात ओतले.

जुहूहून पाटावर वाळू घेऊन परत आलो, आरती झाली, आणि बाबांनी देव्हाऱ्यात पाहिलं. रुपया कुठाय? सुजाता म्हणाली, "राशीत नव्हता. मला वाटलं ताईंनी घेतला." तेव्हा सांगायचं होतं. अगदी तेव्हाच. सगळे हसले असते, आई दोन शब्द बोलली असती, विषय संपला असता. मी म्हटलं, "मी? मी कशाला घेईन? मान तुझा ना आता?"

का म्हटलं? माहीत नाही. तिने पटकन खरं ओळखलं त्याचा राग आला असेल.

मग घरात एकच निष्कर्ष निघाला — सुजाताने नीट बघितलंच नाही, रुपया ओल्या मूर्तीच्या तळाला चिकटला आणि समुद्रात गेला. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, मी बघितलं, नव्हता. आई तिच्याशी बोलायची थांबली. बाबा दोन घास खाऊन उठायचे. आणि तिकडे तो रुपया माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीत.

महेशने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला. बायकोवरचा आळ काढायचा होता बिचाऱ्याला, दुसरं काय. बाबा त्या यंत्राला टुणटुण्या म्हणायचे. ओहोटी पहाटेची असली की टुणटुण्या खांद्यावर टाकून निघायचे, आणि त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून बरोबर मी, हातात पिठाची जुनी चाळण घेऊन. बाबा वाळूवर ते तबकडीसारखं टोक फिरवत चालायचे, ते टुणटुण वाजलं की मी गुडघ्यावर बसून उकरायचे. बाटल्यांची बुचं, मखराच्या तारा, खिळे, एकदा लहान बाळाचा वाळा. धावायला आलेली पोरं विचारायची, "काका, सोना मिला क्या?" बाबा सांगायचे, चांदी, चांदी. दर आवाजाला त्यांचा चेहरा उजळायचा. मी उकरायचे. तिथे काय नाहीये हे जगात फक्त मला ठाऊक होतं, तरी मनापासून उकरायचे. तुम्ही म्हणाल, कसं जमलं? जमतं. पहिल्या दोन दिवसांनंतर काही वाटत नाही.

दसरा गेला, दिवाळी जवळ आली. बाबांचे गुडघे सुजले, ओल्या हवेने छाती भरली, तरी ऐकेनात. शेवटी मीच ठरवलं, आता बस्स.

आणि इथे — इथपर्यंत जे सांगितलं ते मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. गंमत अंगाशी आली, वाट लागली, असं म्हणून. पण पुढचं नाही.

रुपया परत आणायचे दोन रस्ते होते. एक, तो घरच्या तांदळाच्या डब्यात तळाशी टाकायचा. डबा संपत आलाच होता. चार दिवसांत कुणाच्या तरी हाताला लागला असता. रुपया मिळाला असता, बाबा घरी बसले असते आणि सुजाता सुटली असती. फक्त कुणीतरी विचारलं असतं, डब्यात तांदूळ कुणी ओतले? आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. बास, एवढंच. ताई पण चुकते, एवढंच ठरलं असतं. दुसरा रस्ता जुहूचा.

मी जुहूचा घेतला. नकळत नाही, घाईत नाही. विचार करून.

चांदी समुद्रात राहिली तर काळी पडते, आणि अंड्याच्या बलकानेही, हे मला माहीत होतं. ऑफिसला जेवणाच्या डब्यात उकडलेलं अंडं नेलं, त्याचा बलक कुस्करून त्यात रुपया दाबला आणि छोट्या डबीत घट्ट बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला. शेजारच्या टेबलवरची विचारत होती, कसला गं वास येतोय? दोन दिवसांनी काढला तर राणीचा चेहरा छान काळपट झाला होता. मी त्याच्यावर थोडं मीठ-पाणी चोळलं. कामात मी पहिल्यापासून व्यवस्थित.

पुढच्या ओहोटीला बाबा पाठमोरे असताना मी तो वाळूत टाचेने दाबला आणि त्यांना म्हटलं, इकडे राहिलंय बघा. टुणटुण वाजलं. मी उकरलं, चाळणीत घेतलं आणि चाळण त्यांच्यापुढे धरली. बाबा वाळूत बसलेच. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. चहावाला गाडी लावत होता, तो पाणी घेऊन धावत आला.

घरी पेढे वाटले. आणि मग आई सुजाताकडे वळून म्हणाली, "नव्हतो म्हणा होतंस मा? आता काय म्हणतंस?"

सुजाताने हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. तोवर ती नुसती निष्काळजी होती. माझ्या रुपयाने ती खोटारडी ठरली. महेशसुद्धा तिच्याकडे न बघता आत गेला, आणि यंत्र त्यानेच आणलं होतं. पुढच्या वर्षी आईने रुपया काढायचं काम पुन्हा माझ्याकडे दिलं. मी नको म्हटलं नाही. तिच्याकडून आणखीही बरंच निसटलं — तिजोरीची चावी, पाहुण्यांत बोलायचा धीर, ते मोठ्याने हसणं. बाबा जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला वाळूतल्या रुपयाची गोष्ट सांगायचे, आणि प्रत्येक वेळी ती चहाचे कप उचलून आत जायची. मी बघायचे. मला सुख व्हायचं का? नाही. दुःखही फारसं नाही. आतून काहीतरी बंद करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी नारळ खवत बसलो होतो. आईला हल्ली ऐकू येत नाही, ती बाहेर टीव्हीसमोर. सुजाता अचानक विळीवरचा हात थांबवून म्हणाली, "ताई, एक बोलू? त्या वर्षी मी राशीत नीट बघितलंच नसणार. घाबरून बघितलं-बघितलं म्हणत बसले. वर तुमचं नाव घेतलं. इतकी वर्षं खातंय मला ते. माफ कराल ना?"

तिचा चेहरा खरंच तसा होता. तिला आता तसंच आठवत होतं.

घरात दुसरं कुणी ऐकायला नव्हतं. मी परात तिच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "जाऊ दे गं. माणसाकडून होतं असं कधीकधी." तिने पदराने डोळे पुसले, माझा हात धरला, थँक्यू ताई म्हणाली.

मी तिला माफ केलं.