अकरा नावांची यादी

शनिवारी सकाळची शाळा असते. साडेअकराला मुलं पांगतात आणि मी नववीच्या रिकाम्या वर्गात यादी पुढ्यात घेऊन बसते. कपाळ टेबलाला टेकवते, दोनच मिनिटं. झोपायचं नाहीये, पण डोळ्यांना कोण सांगणार? बासष्ट मुलांपुढे ओरडून घसा बसलाय, पाय भरून आलेत आणि खरं सांगायचं तर मला या सगळ्याचाच कंटाळा आलाय.

आमचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या सीमेला लागून. मुलं घरी कन्नड बोलतात, शाळेत मराठी, आणि विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकतात. ज्यांना इंग्रजी झेपत नाही त्यांची नावं द्या, असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. मराठीची तुकडी यंदा बंद झाली, तेव्हा अशा मुलांनी तालुक्याच्या शाळेत जावं. पहिलं नाव शिवलीला हत्तुरेचं. तिचे वडील मला स्पष्टच सांगून गेलेत, "पोरीला एस्टीनं तालुक्याला धाडणार नाही बाई. हितं जमलं तर जमलं." म्हणजे मी सही केली की शिवलीलाची शाळा संपली. अकराही नावांपुढे मी एकच शेरा लिहिलाय, 'इंग्रजी समजत नाही.' सही तेवढी राहिलीय.

"का ओ बाई, दमलाव?"

दारात आळंगे सर उभे आहेत. चन्नवीर आळंगे, अठ्ठावीस वर्षं याच शाळेत विज्ञान शिकवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत गेले. मी त्यांच्या मातीला गेले होते. ते आठवतंय, तरी त्यांना बघून नवल वाटत नाही. खुर्ची द्यावी एवढंच मनात येतं.

"बसा ना सर."

"मी कशाला? तुम्ही बसा. तिकडं, तिसऱ्या बाकावर."

मी तिसऱ्या बाकावर आहे. शिवलीला सरकून जागा करते. माझे गुडघे फळीला लागतायत. खिडकीबाहेर मैदान नाही, कालव्याचं पाणी आहे, अगदी चौकटीला टेकलेलं. त्याचं कुणालाच काही नाही.

सर शिकवायला लागतात. कन्नडमधून, भराभरा. मी मूळची साताऱ्याकडची. इथे चार वर्षं काढून मला दोन शब्द येतात, नीरु म्हणजे पाणी आणि ऊटा म्हणजे जेवण. सर बोलतायत, लिहितायत, मधूनच एखादा 'नीरु' कानावर पडतो. पाण्याचं काहीतरी चाललंय. मग ते थांबतात आणि आमच्याकडे बघतात.

"तिळीता?"

"हो सर!" सगळा वर्ग एका सुरात. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा.

मी दचकते. सरांनी 'समजलं का' असंच विचारलं असणार, आणि मला तर एक अक्षर कळलेलं नाही. मग हो का म्हणाले? सगळे म्हणाले म्हणून. आणि हो म्हटलं की सर पुढे जातील, माझ्याकडे बघणार नाहीत म्हणून. माझ्या वर्गात मी रोज 'समजलं का?' विचारते, बासष्ट तोंडांतून 'हो बाई' येतं आणि मी पान उलटते. चार वर्षं मी त्या 'हो बाई'वर काढलीत. लाज वाटते मला.

"या बाई फळ्याकडं. तुम्ही सांगा."

फळा कडुनिंबाला टेकवलेला आहे. हे शिवलीलाच्या घरचं अंगण, कोंबड्या फिरतायत, मुलं शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसलीत. दोरीवर ओलं लुगडं निथळतंय. सर लुगड्याकडे बोट दाखवून कन्नडमधून काहीतरी विचारतात आणि आता मला प्रश्न कळतो. यातलं पाणी जातं कुठं? बाष्पीभवन! मी एम.एस्सी. आहे, हा धडा मी दहादा शिकवलाय. पण कन्नडमधून सांगायचं तर तोंडातून शब्द फुटत नाही. सर वाट बघतायत. मुलं वाट बघतायत.

"सर, मराठीत सांगू का?"

"आपल्या वर्गात दुसरी भाषा चालती होय?"

ते हसतायत, पण मला ते लागतं. गेल्या वर्षी मीच मुख्याध्यापकांकडे तक्रार केली होती, की आळंगे सर पोरांना आपापसात कन्नड बोलू देतात, नुसता कालवा असतो, शेजारच्या वर्गात शिकवणं मुश्कील होतं. सरांना लेखी समज मिळाली. त्यांनी मला कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, आणि मीही कधी माफी मागितली नाही.

"चुकलं माझं सर."

"ते ऱ्हाऊ द्या. आधी शेजारणीला सांगा, तुमच्या भाषेत. मग बघू."

मी शिवलीलाच्या कानाशी लागते. ऊन पडतं, पाणी तापतं, वाफ होऊन वर जातं. ती मान हलवते, मला एकेक कन्नड शब्द देते, मी म्हणते, चुकते, ती पुन्हा सांगते. वर्गात हू की चू न करणारी ही मुलगी माझ्यावर चक्क डोळे वटारते! सर फळ्यावर अर्धंच वाक्य लिहितात, एका शब्दाची जागा मोकळी ठेवून, आणि शिवलीला ते मला वाचून दाखवते. मी 'नीरु' म्हणते. मग अख्खं वाक्य म्हणते, अडखळत, पण म्हणते.

"किती वेळ लागला ओ तुम्हाला?"

मी दोरीकडे बघते. लुगडं खडखडीत वाळलंय.

"आणि तुम्ही पोरांसाठी किती थांबता?"

"थांबतच नाही," मी खरं ते सांगते. "प्रश्न मी विचारते, उत्तरही मीच देते. इंग्रजी ओळ वाचली की लगेच मराठीत सांगते. मुलं त्या मराठीचीच वाट बघत बसतात."

"मग हिला समजत नाही हे कसं कळलं? ही कधी बोलली तुमच्यापुढं?"

"बासष्ट आहेत सर! पोर्शन राहतो. माझ्यात जीव नाही उरलेला. लुगडं वाळेपर्यंत कुणाकुणासाठी थांबू?"

सर माझ्याशेजारी जमिनीवर बसतात. त्यांचा चेहराही ओढलेला दिसतो.

"मी पण दमायचो की. सगळ्यांसाठी कुठं जमतंय? रोज एकासाठी थांबायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यासाठी."

ते हात पुढे करतात. मी यादी देते.

"पूर्ण नाव काय ओ तुमचं?" नवीन मुलाला विचारावं तसं विचारतात.

"मंजूषा देवकर."

"बाई! ओ बाई!"

शिपाई इराप्पा मामा दारात उभे आहेत. मी मान वर करते. गालावर टेबलाच्या कडेचा वळ उठलाय, वर्ग रिकामा आहे, खिडकीबाहेर मैदान.

"साहेब यादी मागायलेत. निघायचंय त्यांना."

"देते," म्हणून मी पेन उचलते. अकरा नावांखाली सहीपुरतीच जागा सोडली होती. तिथे सही करायला जागा नाही. मराठी लिहितानाही कन्नडसारखी गोल गोल वळणारी अक्षरं आहेत तिथे, शाळेतल्या कुणीही आळंगे सरांची म्हणून ओळखावीत अशी. '१२. मंजूषा देवकर. कन्नड समजत नाही. येईल. थांबा.'

मी त्यावरून बोट फिरवते. शाई बोटाला लागते.

"झाली का सही?" मामा विचारतात.

"नाही मामा. साहेबांना सांगा, यादी मिळणार नाही. या बाराव्या नावापुढे शेवटचे जे दोन शब्द आहेत, ते मला वरच्या अकरांपुढे लिहायचेत."