जावयाच्या ताटातलं गुळवणी

माझी शुगर माझ्यापेक्षा माझ्या सासरच्यांना जास्त कळते. सात वर्षं झाली मला डायबेटीस होऊन. "एका पोळीनं काय व्हतंय?" म्हणत थोरल्या जाऊबाईंनी माझ्या ताटात किती पुरणपोळ्या लोटल्या, गणती नाही. नको म्हटलं की मी शिष्ट, खाल्लं की मीच खादाड.

गेल्या यात्रेला पहिली पंगत उठत आली तेव्हा नवरा म्हणाला, "आता बायकाच बसायच्यात, घे तुझं इंजेक्शन." मी घेतलं. इन्शुलिन घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायचं, हे ओतूरच्या डॉक्टरांनी त्याच्यादेखत सांगितलेलं. तेवढ्यात लोणीचे जावई, म्हणजे नणदेचे यजमान, जीप भरून माणसं घेऊन दारात हजर. "पावण्यांच्या आधी बायका जेवल्या तर लोक तोंडात शेण घालतील," सासूबाई म्हणाल्या. पोळ्यांची परात माझ्या हातात आली. मीही मुकाट्यानं वाढत राहिले. माझा मलाच सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

तिसऱ्या फेरीला हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. शुगर उतरत होती; अशा वेळी पटकन गोड पोटात जायला लागतं. स्वयंपाकघरात जाऊन डब्यातला गुळाचा खडा उचलला, तर जाऊबाईंनी मनगटच धरलं.

"अगं, शुगर हाय ना तुला? मरायचंय का?"

खडा काढून घेतला. सात वर्षांत बाईला माझं पथ्य आठवलं ते नेमकं तेव्हा! समजावून सांगायला माझी जीभ वळेना.

मी तशीच पंगतीत गेले, जावयांच्या ताटातली गुळवण्याची वाटी उचलली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली. सगळ्यांचे घास हातातच राहिले. जावई बिचारे काही बोलले नाहीत. सासूबाई अजून बोलतात. पाव्हण्याच्या ताटातलं उचलून खाल्लं म्हणून. मी मेले असते, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पुढच्या तपासणीला, शुगर उतरल्याचं कळल्यावर, डॉक्टर रागावले. "इंजेक्शन घेऊन उपाशी का राहिलात?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "लई सांगतो आमी डॉक्टर, ऐकतच न्हाई ती."

डॉक्टरांनी मान डोलावली, आणि पुढचं सगळं त्यालाच समजावून सांगितलं.