चौथं पॅड

पॅड दाबताना मास्तर कधीच कीबोर्डकडे बघायचे नाहीत. ते वऱ्हाडाच्या पायांकडे बघायचे. "तोंडाचं काय, पाव्हणे लाजेनं बी हसतेत. पाय थांबले की दुसरं पॅड," एवढंच त्यांचं शास्त्र. कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याचा अंगठा हलला की तो त्यांना दिसायचा आणि त्यांचं बोट आपोआप हलगीच्या पॅडवर जायचं. पंधरा वर्षं मी लग्नांत वाजवणारी पार्टी चालवली, असा माणूस दुसरा पाहिला नाही. आणि मला इतकं छळलंही दुसऱ्या कुणी नाही.

मी आठवडी बाजारात चपला विकून वर आलेला माणूस. तो कीबोर्ड मी नांदेडला एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून जुना घेतला. सकाळी बसलो तो दिवस कलेपर्यंत उठलो नाही. स्टँड, कव्हर, वाजवणाऱ्याची खुर्चीसुद्धा त्याच भावात काढली. शेवटी मालकानं एक इंग्रजी पुस्तक पुढं केलं आणि त्याचे वेगळे मागितले. मास्तर तिथंच खांबाला टेकून उभे होते, त्या ऑर्केस्ट्राबरोबरच बेकार झालेले. म्हणाले, "पुस्तक घ्या मालक, कामाला येतं." मी म्हटलं, इंग्रजी रद्दी मला कशाला? पुस्तक सोडलं आणि मास्तरांना घेऊन आलो.

त्या कीबोर्डवर उजव्या अंगाला चार रबरी बटणं होती. तीच पॅडं. एखादा तुकडा एकदा हातानं वाजवून त्यात भरायचा, मग बटण दाबलं की तो आपला आपण वाजतो. डाव्या हातानं सूर बदलला की तो तुकडाही मागोमाग वळतो. मास्तरांनी पहिल्यात हलगी भरली, दुसऱ्यात संबळ, तिसऱ्यात सनई. पुसेगावकडची पोरं तर नंबरानंच मागायची, "मास्तर, एक नंबर होऊ द्या!"

चौथं पॅड माझ्या वडिलांचं. ते जन्मभर बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत आले. नवरदेव घोड्यावर बसताना ते सुरांची एक फिरकी घ्यायचे, ती आमच्या भागात त्यांचीच म्हणून ओळखली जायची. पुढं दात गेले, क्लॅरनेट सुटलं, फक्त गुणगुणणं उरलं. मास्तर आठ दुपारी आमच्या ओट्यावर कीबोर्ड मांडून त्यांच्यापुढं बसले. वडील गुणगुणायचे, मास्तर वाजवायचे, वडील मान हलवायचे. "न्हाई लेकरा. तिथं जरासं रडल्यावानी वळतंय ते." मास्तर सूर वळवायचं डाव्या हाताचं चाक पुन्हा हळूच फिरवायचे. नवव्या दिवशी वडिलांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "व्हय. हा मीच."

मी चौथ्या पॅडचा भाव वेगळा लावला. मास्तरांना ते आवडलं नाही. "मालक, तेवढं सुपारीत घालू नका." मी घातलं. लोक देत होते, मी काहून सोडू?

त्याच पावसाळ्यात वडील गेले. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून मास्तर सिद्धेश्वरला बहिणीकडं गेले. वाशीमची एक पार्टी त्यांना बोलावते आहे, असं कुणीतरी माझ्या कानात घातलं. मी कीबोर्ड चादरीत गुंडाळून पेटीत ठेवला. ठेवताना त्यातले सहा सेल काढले. रेडिओचे काढतो तसेच, गळून खराब होऊ नयेत म्हणून.

तुळशीचं लग्न झाल्यावर पहिली सुपारी कनेरगाव नाक्याची. आदल्या दिवशी आलेल्या मास्तरांना मी नवे सेल दिले, हात लावायला वेळ दिला नाही. नवरदेव घोड्यावर बसला आणि मास्तरांनी चौथं पॅड दाबलं. काही वाजलं नाही. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा कीबोर्डकडे बघताना पाहिलं. तीन, दोन, एक. सगळी मुकी. वऱ्हाडातून कुणीतरी ओरडलं, "काहो, यंत्राला बी उपास हाय का?" सगळे हसले.

मी मांडवातच त्यांची कॉलर धरली. "गावी जाताना पुसून वाशीमवाल्याला विकलास ना माझा बाप?"

"मालक, मधी सेल काढले व्हते का?"

"सेलाचं मला सांगू नको!"

"बोटात हाय माझ्या. चार दिस द्या, पुन्यांदा भरून देतो."

"चोराच्या हातानं?"

त्यांनी पिशवी उचलली, रस्त्यावर जाऊन एसटीला हात केला. गाडी हिंगोलीकडची, बहिणीच्या गावाच्या वाटेची होती, वाशीमची नव्हे. माझ्या डोळ्यांदेखत चढले, तरी तेव्हा मला ते दिसलं नाही.

दोन वर्षांनी एक पट्टी अडकली म्हणून कीबोर्ड नांदेडला दुरुस्तीला नेला. मिस्त्री सहज बोलला, "यातलं भरलेलं सेलावर टिकतं. सेल काढून ठेवले की पाटी कोरी. पुस्तकात लिहिलेलं असतं की."

मी तसाच सिद्धेश्वरला गेलो. मास्तर मेहुण्याच्या दारात मासे धरायचं जाळं शिवत बसले होते. उठून उभे राहिले, चहा सांगितला. मी म्हटलं, "चला मास्तर. दुप्पट देतो. चौथं पॅड भरून द्या."

ते जाळ्याची गाठ मारत म्हणाले, "सूर हाय अजून. पण तुमी चुकलं म्हणायला आलात का भाव करायला?"

"तिप्पट."

"मालक, फुकट देतो. सरळ मागा."

माझ्याच बापाचा सूर मी मागायचा? डोकं फिरलं. कप खाली ठेवला आणि उठलो. आजही वाटतं, कनेरगावच्या मांडवात ते एकदा तरी माझ्यावर ओरडले असते तर मलाही ओरडून 'चुकलो' म्हणता आलं असतं. त्यांनी मला सगळं आवाज न चढवता ऐकवलं. हा माणूस कशात तरी माझ्यापुढं वाकेल, याची मी वाट पाहत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं.

पार्टी मी कधीच मोडली. कीबोर्ड विकायला काढला तेव्हा चांगली गिऱ्हाइकं आली, पण मला भाव करता आला नाही. तो घरीच आहे. दर दिवाळीला मी त्यातले सेल बदलतो. जुना एक काढला की लगेच नवा बसवतो, एका वेळी एकच. आत काही भरलेलं नाही.