क्लासवाल्या सरांची पाळत

"पुढच्या महिन्यापासून मला जमणार नाही," असं गणिताच्या सरांनी सांगितलं, तेव्हा क्लासवाल्या सरांनी आधी दाराकडे पाहिलं. बाहेर उभं राहून कुणी ऐकत तर नाही ना, हे बघायची त्यांची जुनीच सवय.

"जमणार नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही जमणार. आमचा पगार वाढला ना सर. आता शाळा सुटल्यावर पुन्हा इकडे धावायचं जिवावर येतं."

गणिताचे सर खडूने पांढरी झालेली बोटं रुमालाला पुसत जिना उतरून गेले. क्लासवाले सर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. नऊ वर्षं संध्याकाळी साडेपाचच्या ठोक्याला येणारा माणूस असा एका वाक्यात जातो? कुठेतरी पाणी मुरत होतं.

औषधांच्या दुकानाच्या वर तीन खोल्या, मधे प्लायवूडच्या भिंती, असा तो क्लास. एका खोलीतलं व्याकरण दुसऱ्या खोलीतल्या समीकरणात मिसळायचं. शिकवायला यायचे ते समोरच्या सरकारी शाळेतलेच शिक्षक. तसं यायला त्यांना बंदी होती, म्हणून पाटीवर कुणाचं नाव नसे, नुसते विषय. आपसात सगळे एकमेकांना विषयानेच हाक मारत.

अठरा वर्षांपूर्वी क्लासवाले सर स्वतः त्या शाळेत शिकवायचे. तेव्हाच्या पगारात महिन्याचा शेवटचा आठवडा आला की घरात सगळे हळू आवाजात बोलायचे, मोठ्याने बोललं तर खर्च होईल अशा बेताने. चार वर्षं काढून ते बाहेर पडले आणि एका मित्राबरोबर क्लास काढला. दोन वर्षांनी एका सकाळी येऊन बघतात तर मित्र गायब, त्याच्याबरोबर निम्मी मुलं गायब आणि चांगल्यातले सहा बाकही गायब. त्या दिवसापासून त्यांचा 'विश्वास' या शब्दावरचाच विश्वास उडाला. खडूची पेटीसुद्धा कुलपात असायची.

त्याच आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी रजा मागितली आणि रजेतूनच नकार कळवला. मग भाषेच्या बाई. सगळ्यांचं कारण एकच, पगारवाढ.

"सगळ्यांनी एकच कारण द्यायचं ठरवलेलं दिसतंय," ते घरी बायकोला म्हणाले.

बायको कणीक मळत होती. "अहो, पगार सगळ्यांचा एकदमच वाढला, तर कारण वेगवेगळं कुठून आणतील?"

"तुला नाही कळायचं. कोपऱ्यावर तो नवा क्लास निघालाय ना, काचेच्या दारांचा, त्यानं फोडली ही माणसं."

"तुमच्यासमोर कुणी शिंकलं तरी तुम्हाला त्यात डाव दिसतो."

सरांनी तिचं बोलणं या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाषेच्या बाईंना शाळेच्या फाटकापाशी गाठून मानधन दीडपट करायची तयारी दाखवली. बाई हसल्या. "नको हो सर. मुलगी म्हणते, आई, तू हल्ली घरी दिसतेस."

मग तर त्यांची खात्रीच पटली. वाढीव पैशाला नाही म्हणणाऱ्या माणसाला दुसरीकडून त्याहून जास्त मिळत असणार, हे त्यांच्या दृष्टीने सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. त्यांनी गणिताच्या सरांवर पाळत ठेवायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी गणिताचे सर शाळेतून निघाले ते थेट चपलांच्या दुकानात शिरले. इतकी वर्षं त्यांच्या बुटांना शिवणीवर शिवण घातलेली क्लासवाल्या सरांनी पाहिली होती. आज मात्र त्यांनी नवे बूट घेतले, आणि बायकोसाठीही एक जोड. ते गेल्यावर क्लासवाले सर सहज आल्यासारखं दाखवत आत डोकावले.

"काय, धंदा बरा दिसतोय."

"देवासारखे आलेत हो हे मास्तर लोक!" दुकानदार खूश होता. "दोन महिन्यांत अख्खी शाळा येऊन गेली. पूर्वी जुनाच जोड पॉलिश करून न्यायचे. मी मदतीला भाच्याला ठेवून घेतला."

दुसऱ्या दिवशी गणिताचे सर कोपऱ्यावरच्याच इमारतीत शिरले. क्लासवाल्या सरांनी भराभर पावलं उचलली. सापडला! पण जिना चढून ते काचेच्या दारांपाशी थांबले नाहीत, वरच्या मजल्यावर गेले. क्लासवाले सर दबकत मागोमाग गेले. वर दातांचा दवाखाना होता, आणि बाकावर गणिताच्या सरांच्या शेजारी साक्षात विज्ञानाच्या बाई!

म्हणजे गुप्त बैठका इथे होतात तर. क्लासवाले सर गालावर हात दाबत आत शिरले.

"तुम्हीसुद्धा?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं. त्यांचा एक गाल सुजला होता.

"दाढ," सर पुटपुटले.

खोट्या दाढदुखीपायी त्यांना खुर्चीत आडवं व्हावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं आणि दोन दाढा खरोखरच किडलेल्या निघाल्या. सरांचा जबडा उघडाच होता आणि डॉक्टरीणबाई बोलत राहिल्या. "तुमच्या शाळेतल्या लोकांनी कहर केलाय. एकेकाचं सहा-सहा वर्षांचं दुखणं. मी विचारते, इतके दिवस का थांबलात? तर म्हणतात, लवंग धरत होतो दाताखाली."

सरांना आपण त्या शाळेतले नाही असं सांगायचं होतं, पण तोंडात कापूस होता.

तिसऱ्या दिवशी गणिताचे सर शाळेतून बाहेरच आले नाहीत. सहा वाजून गेले. क्लासवाले सर फाटकातून आत गेले. खालच्या मजल्यावरच्या एका वर्गात दिवा होता. खिडकीतून त्यांनी पाहिलं. वीस-बावीस मुलं बसली होती, त्यांत आठ चेहरे त्यांच्या क्लासमधून गेल्या महिन्यात गळालेले. गणिताचे सर फळ्यावर वर्तुळ काढून मुलांकडून त्याची जीवा काढून घेत होते. क्लासमध्ये ते असे कधी हसले नव्हते.

मुलं पांगल्यावर क्लासवाले सर दारात उभे राहिले. "फुकट क्लास काढलात होय? माझं दुकान बंद पाडायला किती दिले त्यानं?"

"कुणी?"

"काचेच्या दारवाल्यानं!"

गणिताचे सर बाकावर टेकले. रागावले नाहीत. "सर, एक सांगू? तुमच्याकडे रात्री सुटायचो, घरी जाऊन वह्या तपासायचो. सकाळी वर्गात उभ्या उभ्या डुलकी लागायची. अर्धा धडा शिकवायचो आणि उरलेला..." ते थांबले. "उरलेला कुठे शिकवायचो, ते तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत?"

"पोरांना मीच सांगायचो, हा भाग संध्याकाळी समजावीन. ती मग फी भरून तुमच्या जिन्यावर यायची. ज्यांना परवडायचं नाही, त्यांना तो भाग यायचाच नाही. आता त्यांना इथे बसवतो. दर शुक्रवारी फक्त."

क्लासवाले सर बाहेर पडले. बारा वर्षं त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता. खडू कोण नेतं, मुलं कोण पळवतं, पंखा कोण चालू ठेवतं. इतकी मुलं आपल्याकडे येतात तरी का, हा एकच संशय त्यांनी कधी येऊ दिला नव्हता. आणि माहीत होतं, हे खरं. न बोलता माहीत होतं.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ती एवढंच म्हणाली, "जेवून घ्या."

पुढचे महिने वाईट गेले. औषधवाला भाडं वाढवून मागायला आला. या गल्लीत आता शिक्षक घरं शोधताहेत, तेही चांगल्या पगाराचे, असं त्याने तोंडावर सांगितलं. पेपर तपासायला ठेवलेल्या मुलीने नोटीस दिली. तिलाही कुणी फोडलं असेल म्हणून सरांनी खोदून खोदून विचारलं.

"मी शिक्षिका व्हायचं ठरवलंय," ती म्हणाली. "पूर्वी घरचे नको म्हणायचे. आता त्यावर घर चालतं म्हणतात."

सरांनी दोन खोल्या सोडल्या. उरलेल्या एकीत ते स्वतः फळ्यापुढे उभे राहिले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. समोर अकरा मुलं. पहिल्याच दिवशी उदाहरणात उणे चिन्ह विसरले, आणि दाखवून देणाऱ्या मुलीकडे त्यांनी क्षणभर संशयाने पाहिलं. मग पुसून पुन्हा मांडलं. घसा बसला, पाय दुखले, पण रात्री झोप लागली.

वर्ष संपत आलं आणि गावात बातमी पसरली की सरकार वाढीचा फेरविचार करणार आहे. गल्लीचा चेहराच उतरला. चपलांच्या दुकानातला भाचा रोज पेपर वाचायला लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, दूधवाला, अगदी भाडं वाढवणारा औषधवालासुद्धा एकमेकांना विचारू लागले, "होईल का हो कमी?"

पगार कमी झाला तर शिक्षक पुन्हा क्लासकडे वळणार, म्हणजे फायदा होणार होता तो एकट्या क्लासवाल्या सरांचाच. लोक त्यांच्याकडे त्या नजरेने बघायला लागले. कोपऱ्यावर कुणी म्हणालं, यांनीच अर्ज केला असेल वर. सरांनी ऐकलं. संशय घेणं त्यांना पाठ होतं, पण संशय अंगावर आल्यावर कसा लागतो, ते तेव्हा कळलं.

एका संध्याकाळी गणिताचे सर जिना चढून आले. नवे बूट आता जुने दिसत होते. दारातच उभे राहून त्यांनी विचारलं, "समजा कमी केलाच पगार, तर मला परत घ्याल?"

क्लासवाल्या सरांना ही वेळ कितीदा तरी स्वप्नात दिसली होती. काय काय सुनवायचं, तेही ठरलेलं होतं.

"जागा भरलीय," ते म्हणाले.

"कोण शिकवतं?"

"मी."

गणिताच्या सरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हा राग आहे की आणखी काही, हे त्यांना ठरवता येईना. खरं तर क्लासवाल्या सरांनाही येईना. "शुक्रवारचं तुमचं चालू द्या," ते फळ्याकडे वळत म्हणाले, "पगार राहो नाहीतर जावो." आणि मुलांना त्यांनी वह्या उघडायला सांगितल्या.

वाढ शेवटी कायम राहिली. निर्णय कळला त्या दिवशी सरांचा तास चालू होता. खाली गल्लीत एकदम गलका झाला, मुलं खिडकीकडे धावली. सरांनी त्यांना रागावून परत बसवलं आणि मग स्वतःच जाऊन खाली वाकून बघितलं.